पोटदुखी, वंध्यत्व आणि शरीराचा पहारा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत विंचवाच्या दंशाने माणूस दगावणे ही एके काळी नित्याची गोष्ट होती. लाल विंचू डसला की माणूस घामाने न्हाऊन निघे, हातपाय गार पडत, छातीत पाणी होई आणि कित्येकदा दवाखान्याच्या वाटेवरच सारे आटोपे. मांत्रिक, उतारा आणि अखेरीस दैव, या क्रमाने त्या मृत्यूचा विचार संपत असे. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा क्रम मान्य केला नाही. रुग्णाच्या खाटेशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवर आधारलेले त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त औषधाच्या वापराने चाळीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण एका टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

विंचवाची ही हकिकत येथे आठवण्याचे कारण वेगळे आहे. ज्या मुलखाने एका दुखण्याची इतकी काटेकोर नोंद जगापुढे ठेवली, त्याच मुलखात दर महिन्याला घराघरांतून उमटणारे दुसरे एक दुखणे अद्याप वहीत उतरलेले नाही. विंचवाचा दंश पुरुषालाही होतो, तो एकदाच होतो आणि त्याचा आरडाओरडा होतो. हे दुसरे दुखणे केवळ स्त्रीचे. ते पाळीबरोबर येते, पाळीबरोबर ओसरते, आणि ते दाबून ठेवणे हा घरंदाजपणा समजला जातो. पोटात कळ आली म्हणून शेतावर न जाणाऱ्या सुनेला नाजूक ठरविले जाते. शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगितले जाते की लग्न झाले की थांबेल. लग्न झालेलीला सांगितले जाते की मूल झाले की थांबेल. आणि मूल होत नाही तेव्हा मात्र या दोन गोष्टींचा, म्हणजे त्या दुखण्याचा आणि त्या रिकाम्या पाळण्याचा, काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही.

तो संबंध अनेकदा असतो. वैद्यकशास्त्रात त्या रोगाला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. मराठीत त्यास रूढ नाव नाही, आणि नाव नसणे हेही त्याच्या उपेक्षेचे एक कारण मानावयास हरकत नाही. गर्भाशयाच्या आतल्या बाजूस जे अस्तर असते, दर महिन्याला वाढते आणि पाळीच्या वेळी गळून पडते, त्याच जातीचे ऊतक या रोगात गर्भाशयाच्या बाहेर रुजते: बीजांडकोशावर, गर्भनलिकांवर, आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या आवरणावर. तेथेही ते संप्रेरकांच्या तालावर महिन्याच्या महिन्याला फुगते आणि रक्त सोडते. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर जाण्यास वाट आहे. या रक्ताला ती नाही. ते तेथेच साचते, दाह होतो, व्रण पडतात आणि एकमेकांशेजारची इंद्रिये जाळ्यासारख्या तंतूंनी चिकटून जातात. बीजांडकोशात साचलेल्या जुन्या रक्ताच्या गाठीला डॉक्टरमंडळी तिच्या रंगावरून ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. एवढे गोड नाव इतक्या कडू वस्तूला क्वचितच मिळाले असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननवयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला हा रोग असतो, आणि पहिल्या तक्रारीपासून निदान होईपर्यंत सरासरीने चार ते बारा वर्षे जातात. ज्यांना हा रोग आहे अशा स्त्रियांपैकी तीस ते पन्नास टक्के स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते.

हे ऊतक तेथे पोहोचते कसे, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या शल्यवैद्याने १९२७ मध्ये दिले. (चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नाही. पण महाडच्या वाचकास ते साल लक्षात ठेवणे सोपे जाईल.) पाळीचे सगळे रक्त खाली उतरत नाही, काही गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते, आणि त्याबरोबर गेलेल्या अस्तराच्या पेशी तेथे रुजतात, असे सॅम्पसनचे म्हणणे होते. सिद्धांत दिसावयास सुटसुटीत होता. अडचण पुढे आली ती १९८४ मध्ये. गर्भनलिका मोकळ्या असलेल्या स्त्रियांची पाळीच्या दिवसांत दुर्बिणीने तपासणी केली असता दहापैकी नऊ जणींच्या पोटात असे रक्त आढळले. म्हणजे उलटा प्रवाह जवळजवळ सर्वांनाच होतो. मग रोग दहापैकी एकीलाच का व्हावा?

या प्रश्नाने शास्त्रज्ञांचे लक्ष रक्ताकडून पहारेकऱ्यांकडे वळले. कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. शरीराचा राखणदार म्हणजे त्याची रोगप्रतिकारक यंत्रणा. तिचे काम केवळ जंतूंशी लढण्याचे नाही. जी पेशी जेथे असावयास नको तेथे ती दिसली की तिला ओळखणे, मारणे आणि साफ करणे हेही तिचेच काम. उदरपोकळीतील द्रवात भक्षक पेशी सतत गस्त घालीत असतात. त्यांच्या जोडीला नैसर्गिक मारक पेशी असतात. निरोगी स्त्रीच्या पोटात उलटे आलेले रक्त आणि पेशी या पहाऱ्याने काही दिवसांत नाहीशा होतात. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रीत हा पहारा बिघडलेला दिसतो. १९९१ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधनात असे आढळले की या रोगात मारक पेशींची स्वतःच्या अस्तराच्या पेशी मारण्याची क्षमता मंदावलेली असते. भक्षक पेशींची गोष्ट त्याहून चमत्कारिक. त्यांची संख्या उलट वाढते, त्या खवळलेल्याही असतात. पण गिळण्याचे काम सोडून त्या रासायनिक संदेश सोडीत बसतात. त्या संदेशांमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मज्जातंतूंचे धागे वाढतात आणि दाह चालू राहतो.

सावित्रीच्या पुराने एखाद्याच्या वाफ्यातली भाताची रोपे वाहून दुसऱ्याच्या बांधावर अडकावीत, आणि ती उपटून टाकण्यासाठी ठेवलेल्या राखणदाराने त्यांना पाणी घालावे, खत द्यावे, तसा हा प्रकार आहे. आणि खत केवळ राखणदाराकडूनच येते असेही नाही. हे परके रुजलेले ऊतक स्वतःपुरते इस्ट्रोजन तयार करते, त्याने प्रोस्टाग्लँडिन वाढते, त्याने पुन्हा इस्ट्रोजन. दुसऱ्या बाजूस प्रोजेस्टेरॉन हे जे आवर घालणारे संप्रेरक, त्याला ते नीट दाद देत नाही. वेदना असह्य का होतात याचा उलगडा येथे होतो. ज्या स्त्रीच्या पोटात अशा व्रणांभोवती नव्या मज्जातंतूंचे जाळे पसरलेले आहे, तिला ‘सगळ्याच बायकांना दुखते’ हे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्यास सगळ्यांचेच पाय चालून दुखतात असे सांगण्यासारखे आहे.

पहारा आधी बिघडतो आणि मग रोग होतो, की रोगामुळे पहारा बिघडतो, याबद्दल तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसत असाव्यात असे दिसते. आनुवंशिकतेचाही भाग आहे: २०२३ मध्ये साठ हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासातून या रोगाशी निगडित अशा ४२ जागा मानवी जनुकसंचात निश्चित करण्यात आल्या. त्याच वर्षी जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांच्या गर्भाशयात फ्युझोबॅक्टेरियम या जंतूचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे दाखविले, आणि तो भक्षक पेशींना चिथावून रोग वाढवितो असे उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना असे दिसले की एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांत संधिवातासारख्या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या काही विकारांचा धोका इतरांहून अधिक असतो. सारांश, हा केवळ ‘बायकांच्या पोटाचा’ आजार राहिलेला नाही. तो साऱ्या शरीराच्या संरक्षणव्यवस्थेशी जोडलेला आहे.

बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने डोळ्यांपुढे असणाऱ्या वाचकाच्या मनात येथे एक शंका येईल. १९९३ मध्ये अमेरिकेत डायॉक्सिन हे विषारी द्रव्य दीर्घकाळ दिलेल्या माकडिणींत हा रोग अधिक प्रमाणात आणि अधिक तीव्र आढळला होता, हे खरे. पण १९७६ मध्ये इटलीतील सेव्हेसो येथे कारखान्याच्या अपघातात तेच द्रव्य हवेत पसरले, तेथील स्त्रियांच्या पुढील तपासणीत निर्णायक पुरावा मिळाला नाही. या एका धाग्यावरून कोणत्याही कारखान्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे घाईचे होईल.

आता वंध्यत्वाचा प्रश्न. गर्भनलिका चिकटून बंद झाल्या तर बीज आणि शुक्रजंतू यांची गाठच पडत नाही, हे कोणासही समजेल. परंतु ज्यांच्या नलिका मोकळ्या आहेत, रोग सौम्य आहे, अशांनाही दिवस का राहत नाहीत? उत्तर पुन्हा पहाऱ्याकडे जाते. दाहाच्या रसायनांनी भरलेल्या त्या द्रवात शुक्रजंतूंची गती मंदावते, स्त्रीबीजाचा कस उतरतो, आणि गर्भ रुजावयाचे ते गर्भाशयाचे अस्तरही त्याच्या स्वागतास पुरते तयार होत नाही.

मुळात गर्भधारणा हेच प्रतिकारशास्त्राला पडलेले मोठे कोडे आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावार यांनी १९५३ मध्ये ते मांडले; १९६० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. दुसऱ्याचे कातडे लावले तर शरीर ते झिडकारते. मग गर्भ तर निम्मा बापाचा, म्हणजे निम्मा परका. त्याला आईचे शरीर नऊ महिने कसे सांभाळते? गर्भाशयाच्या अस्तरात गर्भारपणाच्या आरंभी ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतील बहुसंख्य ‘मारक पेशी’ या नावाच्याच असतात; पण तेथे त्या मारीत नाहीत. आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून बाळाला रक्त पोहोचविण्याच्या कामी त्या मदत करतात. राखणदाराने कोठे काठी उगारावी आणि कोठे दार उघडावे, या विवेकावर मातृत्व उभे आहे. एंडोमेट्रिऑसिसमध्ये तो विवेकच डळमळतो: पोटात जेथे काठी उगारावयाची तेथे पहारा गाफील, आणि गर्भाशयात जेथे दार उघडावयाचे तेथे तो साशंक.

हे ज्ञान महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीपर्यंत आलेले नाही. तेथे वंध्यत्वाचा निकाल फार पूर्वीच लागलेला असतो, आणि आरोपी ठरलेली असते. लग्नाला दोन वर्षे झाली की हळदीकुंकवाला बोलावणे कमी होते. ओटी भरताना हात आखडता येतो. डोहाळजेवणात तिने पुढे येऊ नये अशी कुजबुज होते. मग कौल लावले जातात, नवस बोलले जातात. श्रद्धेने मनाला धीर येत असेल तर त्यावर टीका करण्याचे कारण नाही. पण नवस फेडण्याच्या मुदतीत रोगाची दोन-तीन वर्षे वाढ झालेली असते, हा हिशेब कोणी मांडीत नाही. त्यातच पुरुषाची तपासणी हा विषय निषिद्ध. वास्तविक मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोषाचा काही ना काही वाटा असतो, आणि त्याची पहिली चाचणी स्त्रीच्या कोणत्याही तपासणीहून स्वस्त व सोपी आहे. तरीही दवाखान्याच्या बाकावर सासू आणि सून अशा दोघीच बसलेल्या दिसतात.

या भागात आणखी एक गुंतागुंत आहे. पोलादपूरच्या डोंगराळ गावांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरी करीत आला आहे. बायको गावी, नवरा लालबाग-परळ सोडून आता नालासोपारा नाहीतर दिव्याच्या भाड्याच्या खोलीत. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच सहवास. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास तपासणी करावी, असे वैद्यकीय पुस्तक म्हणते. पण ते वर्ष सलग एकत्र राहणाऱ्या जोडप्याचे आहे. चाकरमान्याच्या संसारात ते एक वर्ष चार-पाच वर्षांवर पसरते. ‘दोघे एकत्र असतात कुठे, होईल सावकाश’ असे घरातले समंजस माणूसही म्हणते, आणि त्या काळात व्रण वाढतात, बीजांडकोशातील बीजांचा साठा घटतो. पाळीच्या वेदनेकडे लक्ष दिले असते तर वर्ष मोजण्याची गरजच नव्हती. एंडोमेट्रिऑसिसचा संशय घेण्यासाठी वंध्यत्व सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

किती स्त्रियांचा हा प्रश्न असेल? २०११ च्या जनगणनेत महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास होती. त्यांत स्त्रिया निम्म्या, आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या त्यांतील निम्म्या धरल्या तर संख्या पन्नास हजारांवर जाते. दहात एक हे जागतिक प्रमाण लावले तर पाच हजारांहून अधिक स्त्रिया. जगाची सरासरी एका तालुक्याला लावण्याची ही रीत अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत गुण मिळवून देणार नाही. पण आकडा निम्मा जरी निघाला तरी अडीच हजार होतो, आणि त्यांतील प्रत्येकीचे महिन्यातले दोन दिवस अंथरुणात गेले तर वर्षाला साठ हजार दिवसांचे श्रम बुडाले. रोजंदारी, घरकाम, शाळेची हजेरी, अंगणवाडीचे काम, कचेरीतील रजा, सारे त्यात आले. असा श्रमनाश एखाद्या संपाने झाला असता तर त्यावर विधानसभेत प्रश्न विचारला गेला असता.

परंतु सरकारी आरोग्यव्यवस्थेचे काम ज्या आकड्यांनी मोजले जाते ते प्रसूतीचे, लसीकरणाचे, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे. मुले कमी व्हावीत यासाठी पन्नासहून अधिक वर्षे उभारलेल्या यंत्रणेला, मूल होत नाही हीही तक्रार असू शकते, हे उशिरा सुचावे यात नवल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाळीच्या दिवसांत स्त्री कापड वापरते की पॅड, हे विचारले जाते. दुखते का, हे विचारले जात नाही.

विचारले तर काय निघते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एक ना एक विकार होता. आणि पूर्वी कधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी झालेल्या स्त्रिया आठ टक्केही नव्हत्या. जगाने ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ केवळ बाळंतपण एवढा न घेता त्याहून व्यापक घ्यावा, यास त्या एका पाहणीचा मोठा हातभार लागला.

न विचारल्यास काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पाळीची कटकट, पोटातले दुखणे, बुडणारी मजुरी आणि मुकादमाचा दंड, या सर्वांवर एकच इलाज सांगितला गेला होता. त्यांत किती जणींना एंडोमेट्रिऑसिस होता हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण ज्या रोगात व्रण गर्भाशयाच्या बाहेर असतात, त्यावर केवळ गर्भाशय काढणे हा खात्रीचा उपाय नव्हे, एवढे शरीरशास्त्र सर्वांस ठाऊक असावयास हवे होते.

दुर्लक्षाच्या दुसऱ्या टोकाला बाजार आहे. १९८६ च्या ६ ऑगस्टला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून परीक्षानलिका पद्धतीने मुलगी जन्मली. ते काम सरकारी संशोधनसंस्थेत आणि पालिकेच्या रुग्णालयात झाले होते, हे आज विसरले गेले आहे. त्या विद्येचा आज मोठा धंदा झाला आहे. २०२१ च्या कायद्याने दवाखान्यांना नोंदणी सक्तीची केली. पण दर आणि जोडउपचार यांवर कायद्याचा फारसा वचक नाही. प्रतिकारशास्त्राच्या नव्या ज्ञानाचा येथेच दुरुपयोग होतो. ‘तुमच्या मारक पेशी वाढल्या आहेत, त्या गर्भाला मारतात’ असे सांगून रक्ताच्या महागड्या चाचण्या, शिरेतून चरबीचे द्रावण, प्रतिपिंडांची इंजेक्शने, स्टेरॉइड्स, नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची टोचणी असे उपचार विकले जातात. रक्तातल्या मारक पेशी आणि गर्भाशयातल्या मारक पेशी यांच्या वागण्यात केवढे अंतर आहे ते वर आलेच आहे. केवळ नावाच्या भीतीवर हा व्यापार चालतो. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अशा जोडउपचारांचा नेहमीचा वापर करू नये अशी भूमिका घेतली. एंडोमेट्रिऑसिसवर थेट प्रतिकारक्रियेला लगाम घालणारे एक औषध बबून माकडांत उपयोगी दिसले होते. २००८ मध्ये स्त्रियांवरील लहानशा चाचणीत त्याच प्रकारच्या औषधाने वेदना कमी झाल्या नाहीत. ज्ञान खरे आहे, पण त्याचे औषध अद्याप झालेले नाही.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही भाजीबाजारासारखी वस्तू नव्हे, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते आणि घेणारा अडलेला असतो. मूल हवे असलेल्या जोडप्याइतके अडलेले गिऱ्हाईक दुसरे कोण? दागिने मोडून, पतपेढीचे कर्ज काढून, वडिलोपार्जित गुंठे विकून पनवेल-मुंबईच्या वाऱ्या होतात. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रासारख्या, ही विद्या देशाला शिकविणाऱ्या राज्याने त्याच्यामागे राहावे याचे वाईट वाटते.

पण परीक्षानलिकेपर्यंत येण्याची वेळ सर्वांवर येत नाही, हेही सांगितले पाहिजे. एंडोमेट्रिऑसिस असूनही पुष्कळ स्त्रियांना आपोआप दिवस राहतात. सौम्य रोगात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने व्रण काढल्यास गर्भधारणेची शक्यता वाढते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत दिसले. ज्यांना इतक्यात मूल नको त्यांच्या वेदनेवर संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, आणि त्या तालुक्याच्या औषधदुकानात मिळू शकतात. लग्न किंवा बाळंतपण हा मात्र या रोगाचा उपचार नव्हे. वैद्यकीय मार्गदर्शिका आता तसा सल्ला देऊ नये असे स्पष्ट सांगतात. मुख्य म्हणजे निदानासाठी पोटात दुर्बीण घातलीच पाहिजे असा पूर्वीचा दंडक २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने सोडून दिला. तक्रारी नीट ऐकून घेणे, जाणत्या हाताची सोनोग्राफी आणि गोळ्यांनी उतार पडतो का ते पाहणे, एवढ्यावर उपचार सुरू करता येतात. क्षयामुळेही गर्भनलिका बंद होतात आणि आपल्याकडे तो नेहमी डोक्यात ठेवावा लागतो. पण त्याची तपासणी तर सरकारी दवाखान्यात पूर्वीपासूनच होते.

म्हणजे जे लागेल ते ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही. आठवड्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ, त्याच दिवशी नवऱ्याचीही तपासणी, आणि तो दिवस शक्यतो गणपतीच्या व मे महिन्याच्या सुट्ट्यांत चुकू न देणे, कारण चाकरमानी तेव्हाच गावी असतो. आशा कार्यकर्ती घरोघरी जातेच. पाळीत कामधाम सोडून पडून राहावे लागते का, शौचाच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी दुखते का, लग्नाला किती वर्षे झाली, हे तीन प्रश्न तिच्या वहीत वाढविल्यास तिचा फार वेळ जाणार नाही. शाळेतील शिक्षिकांच्या हाती तर आधीच एक साधन आहे. आठवी ते दहावीच्या हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे दर चार आठवड्यांनी दोन-दोन फुल्या पडत असतील तर ती केवळ गैरहजेरी नसते. तेव्हा पालकांना बोलावून तिला दवाखान्यात पाठविले, तर दहा वर्षांनी तिच्या सासरी व्हावयाची चर्चा कदाचित टळेल.

२०२१-२२ च्या वर्षापासून अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. परळची जी संस्था आता राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, तिने भारतीय स्त्रियांतील एंडोमेट्रिऑसिसचा अनेक केंद्रांवर अभ्यास हाती घेतला आहे. कशेडी घाटाच्या अलीकडच्या कोणत्याही दोन गावांत जाऊन या दोन संस्थांनी मिळून गडचिरोलीसारखी एक पाहणी करावयाचे ठरविले, तर त्यास लागणारा खर्च महामार्गाच्या एखाद्या फर्लांगभर दुरुस्तीहूनही कमी येईल. आणि वाट दाखविण्यासाठी त्यांना फार लांब जावे लागणार नाही. बिरवाडीच्या दवाखान्यात एका डॉक्टराने खाटेशी बसून वही भरली होती, ती गोष्ट अजून येथील लोकांच्या तोंडी आहे.